झिऱ्यापर्यंत जीप

त्या चार-पाच वर्षांत आम्ही जागचे हललो नाही आणि तरी तीन राज्यांत राहून झालं. आधी मध्य प्रदेशात होतो. मग एका नोव्हेंबरात मुंबई राज्यात गेलो. तिथं नीट बूड टेकतो न टेकतो तोच महाराष्ट्रात आलो. गाव तेच, शाळा तीच, शाळेचं गळकं छप्परही तेच. बदललं एवढंच की पूर्वी छपराबद्दल नागपूरला केलेल्या अर्जाचं उत्तर येत नसे, आता मुंबईला केलेल्या अर्जाचं येईना.

मी तेव्हा उमरखेडच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण होते. नोकरी नवी होती, लग्न व्हायचं होतं आणि जीभ आतापेक्षाही तिखट होती. नदीपलीकडचा मुलूख पूर्वी निजामाचा. आमच्याकडची म्हातारी माणसं पलीकडे मुलगी देताना ती विलायतेला चालल्यासारखी रडत. आता दोन्ही काठ एकाच राज्यात आले म्हटल्यावर त्यांना जोडणारा मोठा रस्ता होणं आलंच. यात वाईट काही नव्हतं. आम्हाला उमरखेडला जायला अर्धा दिवस लागायचा आणि पावसाळ्यात तर नुसती इच्छा करून घरी बसावं लागायचं. वाईट एवढंच झालं की नकाशावर रेघ ओढणाऱ्या कुणीतरी ती नदीकाठच्या राखीव जंगलातून ओढली.

राखीव म्हणजे काय, ते आम्हाला नाकेदारानं शिकवलं होतं. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी. पगार लहान, पण रुबाब जिल्हाधिकाऱ्याच्या वरचा. नदीच्या काठाकाठानं अर्जुनाच्या, सागाच्या, मोहाच्या झाडांचा जो पट्टा होता, त्यातलं पान पडलं तर ते सरकारचं, असं तो सांगायचा. बकरी आत शिरली की बकरी धरायचा, बाई शिरली की तिचा विळा धरायचा. कोंबडा पोचता झाला की दोन्ही सोडायचा. विळा मात्र कधीकधी सोडत नसे, कारण नाक्यावरच्या खोलीत भिंतीला लटकवलेले विळे हीच त्याची शौर्यपदकं होती.

त्यातला एक विळा याडीचा होता. गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा होता, आणि याडी म्हणजे तांड्याच्या नायकाची आई. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आईच, पण अख्खं गाव तिला याडी म्हणायचं. पूर्वी ही माणसं बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य मुलखामुलखात पोचवत. मग रेल्वे आली, मोटारी आल्या, आणि ती ज्वारी-कापूस पिकवायला बसली. याडी अजूनही आरशांच्या कापडाची चोळी आणि हातभर पांढऱ्या बांगड्या घालून अशी चालायची की मागून बैलांचा तांडा येतोच आहे. एका उन्हाळ्यात तिनं बकरीच्या पिल्लासाठी बोराची एक डहाळी तोडली. नाकेदारानं विळा घेतला आणि दुपारभर तिला नाक्यासमोर उन्हात बसवून ठेवलं. एका डहाळीसाठी! मी तिला सोडवायला गेले तेव्हा तो मला म्हणाला, "बाई, राखीव म्हंजे राखीव. उद्या प्रत्यक्ष सरकार आलं तरी त्याले काडी तोडू देनार नाही."

मला त्याचा संताप आला होता, पण त्याच्या या एका वाक्याचं कौतुकही वाटलं होतं. पुढं ते परत घ्यावं लागलं.

या राखीव पट्ट्यात, काठाच्या उतारावर, तांड्याचा झिरा होता. झिरा म्हणजे काही मोठं नाही. अर्जुनाच्या मुळांपाशी दगड लावून बांधलेला, गुडघाभर खोल खड्डा, आणि त्यात खालून हळूहळू झिरपणारं थंड पाणी. बैलांच्या पाठीवर माल नेण्याच्या काळात तांड्याबरोबर एक देवाचा बैल असायचा. त्याच्यावर ओझं लादत नसत, आणि तो जिथं बसेल तिथं मुक्काम करत. असा तो बैल एका उन्हाळ्यात इथं बसला आणि उठेचना, म्हणून लोकांनी त्याच्यासाठी खणलं तर पाणी लागलं. पाणी लागलं म्हणून तांडा थांबला, आणि थांबला तो थांबलाच. बैलाच्या मर्जीनं वसलेलं ते गाव होतं. मला तरी ती पद्धत पुढच्या सगळ्या पद्धतींपेक्षा शहाणपणाची वाटते.

गावच्या विहिरीवर तांड्याच्या बायकांचा क्रम सगळ्यांत शेवटी लागायचा, आणि उन्हाळ्यात त्यांचा क्रम येईपर्यंत विहिरीत चिखल उरायचा. नदी होती, पण मे महिन्यात तिचा डोह दूर जायचा आणि काठ असा उभा की भरली घागर घेऊन चढताना छाती फुटावी. म्हणून झिरा. नाकेदारही झिऱ्यावरच्या बायकांना अडवत नसे, कारण तोही तिथलंच पाणी प्यायचा.

आणि एक दिवस झिऱ्याच्या वरच्या अंगाला, झाडाझाडांतून, चुना लावलेल्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या.

याडी त्या दिवशी थेट शाळेत आली. मी मुलींना बेरीज शिकवत होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमी शिकेल हा. त्या खुंट्या कायच्या, सांगा मले." मी सांगितलं. ती म्हणाली, "वरून रस्ता गेला तं झिरा आटन. पानी वरूनच येऊन राह्यलं नं. मंग मी घागर कोठी भरू?"

हा प्रश्न त्या सगळ्या काळात एवढ्या सरळ शब्दांत फक्त तिनंच विचारला. बाकीच्यांचे प्रश्न वेगळे होते.

रस्त्याला विरोध मात्र सगळ्या गावानं केला. वकीलसाहेब त्यात पुढे. ते उमरखेडच्या कोर्टात वकिली करायचे आणि शेती आमच्या गावात होती. गावाच्या दुसऱ्या अंगाला त्यांची पडीक जमीन होती, आणि रस्ता नदीकाठाऐवजी तिथून गेला असता तर ती एका रात्रीत मोक्याची झाली असती. म्हणून त्यांना एकदम झाडांचा पुळका आला. पाटलांचा विरोध वेगळ्या कारणानं होता. खुंट्या ठोकणारी माणसं आधी त्यांच्या घरी चहाला आली नव्हती. नाकेदार उघड काही बोलत नसे, पण जंगल गेलं तर कोंबडे कोण देणार, ही चिंता त्याच्या चेहऱ्यावर दिसायची. अशी एकेक कारणं एकत्र आली आणि नदीकाठ संरक्षण समिती झाली. अध्यक्ष वकीलसाहेब. तांड्याचा नायक सभासद, कारण झिरा त्यांचा. आणि मी महिला प्रतिनिधी, कारण समितीत एखादी बाई असली की सरकारवर चांगला परिणाम होतो, असं वकीलसाहेबांनी कुठंतरी ऐकलं होतं. महिला प्रतिनिधीनं काय करायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सध्या काही नाही. पाहुणे आले की मुलींचं स्वागतगीत बसवा."

गावातला एकच माणूस समितीत नव्हता, तो म्हणजे मिस्त्री. उमरखेडच्या एका मुसलमान कारागिराच्या घरातला हा माणूस गावात येऊन पंप, गाड्या, जे मोडेल ते दुरुस्त करायचा. त्याच्याकडे एक जुनी लॉरी होती, जी तो महिन्यातले पंधरा दिवस दुरुस्त करायचा आणि उरलेले पंधरा दिवस ढकलायचा. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, झूट कायले बोलू? रस्ता तं मले पायजे. रस्त्याबिगर माह्या धंदा नाही. पन याडीच्या झिऱ्यावरून नोको. थोडा सरकवा म्हना, बस." एवढं खरं बोलणारा माणूस समितीत कसा घेणार? त्याला वगळलं ते बरोबरच होतं.

पहिली सभा शाळेच्या ओट्यावर झाली. वकीलसाहेब मुंबईला जाऊन आले होते आणि तिथं समुद्राकाठच्या कुठल्याशा रस्त्याविरुद्ध झालेलं एक भाषण त्यांनी ऐकलं होतं. ते त्यांना फार आवडलं होतं. शिवाय आता आपलं सरकार मुंबईला आहे, तेव्हा त्याला समुद्राची भाषा समजेल, असाही त्यांचा हिशेब. त्यांनी कोटाच्या खिशात हात घालून सुरुवात केली, "बंधू-भगिनींनो, ही किनारपट्टी आपला अनमोल ठेवा आहे. ज्या किनाऱ्यावर लाटा अखंड गर्जतात, जिथं आपले कोळी बांधव पहाटे होड्या लोटतात..."

लोक मन लावून ऐकत होते. आमच्याकडे होडी एकच होती, ती पावसाळ्यात भोई चालवायचा आणि उन्हाळ्यात तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. शेवटी नायकानं हात वर केला. "वकीलसाहेब, समुद्र कोन्या अंगाले हाय?"

"नायक," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "हे मुंबईसाठी आहे."

नायकाला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. ठराव टाळ्यांत मंजूर झाला, आणि त्यात झिऱ्याचा उल्लेख कुठंही नव्हता. मी तसं म्हणाले, तर वकीलसाहेब म्हणाले, "झिरा फार लहान गोष्ट आहे बाई. सरकारपुढे मोठं काहीतरी ठेवावं लागतं."

समुद्राचा परिणाम झाला म्हणा किंवा कुणाचा कुठं दौरा होता म्हणून म्हणा, पण निरोप आला. मोठे साहेब स्वतः जागा पाहायला येणार होते. झाडं पाहणार, काठ पाहणार, झिरा पाहणार आणि मग ठरवणार. गावात आनंदीआनंद झाला. याडी त्या दिवशी मला म्हणाली, "पाह्यलं का? साहेब माह्या झिऱ्याले पाहाले येऊन राह्यला. एकडाव त्यानं पानी पेलं का मंग तो कायले बुजवन?"

मलाही तसंच वाटलं. जो माणूस भर उन्हातून येऊन ते पाणी पिईल, तो त्या झिऱ्याला हात लावणार नाही, यावर माझा पक्का विश्वास होता. मी लहान होते, साहेब पाहिले नव्हते.

अडचण दुसरीच निघाली. समिती पुन्हा बसली तेव्हा पाटलांनी विचारलं, "साहेबाची जीप कोठवर जाईन?"

"नाल्यापरेंत," कोतवाल म्हणाला. झिऱ्याकडे जायला फक्त पायवाट होती. बैलगाडीसुद्धा नाल्याशी सोडावी लागायची.

"मंग पुढं साहेब का पायी चालन?"

सभेनं माना खाली घातल्या. कुणाच्या तरी घरी मयत झाल्यासारख्या. मग पाटील म्हणाले, "साहेब आपल्या गावात पायी चालला, काट्यात पॅन्ट फाटली, हे उमरखेडात समजलं तं तोंड दाखवाले जागा नाही राह्यनार."

मी म्हणाले, "चालू द्या की. चालले तर जंगल दिसेल. काटा लागला तर आणखी चांगलं दिसेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पाहुण्याच्या ताटात शिळी भाकर वाढा असं मी सुचवलं होतं. आमच्या भागात पाहुण्याचं असं आहे की तो आपल्याला बुडवायला आला असला तरी आधी त्याचे पाय धुवायला पाणी द्यायचं, बुडवण्याचं नंतर पाहू. नायकानंच विषय संपवला. "तांड्यावर पाहुना येऊन राह्यला. त्याले वाट करून द्या लागते. आमचे बैल घ्या."

तेव्हा श्रमदानाचे दिवस होते. जो तो कुदळ घेऊन देश उभारत होता. आमचं गाव एरवी या बाबतीत जरा मागंच. शाळेच्या छपरासाठी मी श्रमदान मागितलं होतं तेव्हा दोन म्हातारे आले आणि तेही सावलीला. पण साहेबांच्या जीपसाठी अख्खं गाव लोटलं. आधी ठरलं होतं की नुसत्या आडव्या आलेल्या फांद्या छाटायच्या. फांद्या छाटल्यावर झुडपं डोळ्यांत येऊ लागली, म्हणून ती काढली. झुडपं काढल्यावर धोंडे दिसले, म्हणून ते उचलले. मग नाला आला. नाल्यावर जीप आपटली असती, म्हणून त्यावर टाकायला ओंडके हवेत अशी चर्चा झाली, आणि सगळ्यांनी नाकेदाराकडे पाहिलं.

नाकेदारानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "साहेबासाठी हाय म्हटल्यावर नेम लागत नाही." आणि स्वतः पुढे होऊन कोणते साग सरळ आहेत ते दाखवले. कमानीला डहाळ्या हव्या होत्या, त्यासाठी नाक्यावरच्या भिंतीचे विळे एका फेरीत खाली आले. बोराच्या एका डहाळीपायी जप्त झालेला याडीचा विळा कोतवालाच्या हाती आला आणि त्यानं अर्जुनाच्या हिरव्यागार फांद्या सपासप उतरवल्या. संध्याकाळी याडीनं तो विळा ओळखला आणि कनवटीला खोचून घरी नेला. त्या सगळ्या भानगडीत कुणाला काही परत मिळालं असेल तर एवढंच.

मुरूम टाकायचा राहिला होता. गाड्या चढावर जाईनात. तेव्हा नायकानं घराच्या आढ्यावरून वाडवडिलांच्या गोण्या काढल्या, कवड्या लावलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या. बैलांच्या पाठीवर त्या चढवल्या, गळ्यात घंटा बांधल्या, आणि तांड्याचे बैल कित्येक वर्षांनी पुन्हा ओळीनं माल घेऊन निघाले. घंटांच्या त्या आवाजानं तांड्यातली सगळी म्हातारी माणसं बाहेर आली. याडी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी शाळेला सुट्टी देऊन मुलींना ते पाहायला नेलं. खोटं कशाला सांगू, असा सुंदर दिवस त्या गावानं मला दुसरा दाखवला नाही. बैल मुरूम ओतून परत येत होते, बायका तो पसरत होत्या, पोरं नाचत होती, आणि कुणालाही, अगदी कुणालाही, आपण काय करतो आहोत ते कळत नव्हतं.

शेवटी मिस्त्री आपली लॉरी घेऊन आला आणि मुरूम दबावा म्हणून खालीवर, खालीवर फिरवू लागला. झिऱ्यापाशी त्यानं गाडी थांबवली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाला, "वा, बाई! रस्ता तं एकदम मस्त झाला."

मी हसले. मग हसू अर्धवटच राहिलं. मिस्त्रीचंही राहिलं. आम्ही दोघांनी त्या वाटेकडे पाहिलं. ती गावापासून निघून जंगल चिरत, नाला ओलांडत, सरळ झिऱ्याच्या तोंडाशी आली होती.

मी तशीच वकीलसाहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, ज्याला विरोध करायचा तो रस्ता आपणच करून बसलो की."

ते ऊस खात होते. म्हणाले, "छे, छे. हा रस्ता नाही, ही वाट आहे. कायद्यानं दोन्हींत फरक आहे."

साहेब आले त्या दिवशी याडीनं झिऱ्याभोवतीची जमीन शेणानं सारवली होती. दगडांना हळदीकुंकू लावलं होतं. आरशांची नवी चोळी घालून ती पितळी लोटा घेऊन उभी होती. माझ्या हातात ओवाळायचं तबक होतं आणि मागं मुली स्वागतगीताची पहिली ओळ आठवत होत्या. जीप आली ती इतकी अलगद की मुलींना गाणं सुरू करायचं सुचलं नाही. एक गचका नाही, एक काटा नाही. साहेब उतरले. बुटाला धूळसुद्धा लागली नाही. त्यांनी मागं वळून सगळी वाट पाहिली, आणि त्यांचा चेहरा आनंदानं फुलला.

मी ओवाळलं. याडीनं लोटा दिला. साहेब पाणी प्यायले, डोळे मिटून म्हणाले, "वा, अमृत आहे!" याडीनं माझ्याकडे पाहिलं. झालं काम, असं तिच्या नजरेत होतं.

मग साहेब बोलायला उभे राहिले. "या भागात रस्त्याला विरोध आहे असं मला सांगण्यात आलं होतं. मी मनाशी थोडा धास्तावूनच आलो. पण इथं पाहतो तर काय! तुम्ही स्वतःच्या घामानं सरकारचं अर्धं काम करून ठेवलं आहे. असा उत्साह मी जिल्ह्यात कुठंही पाहिला नाही."

आधी पाटलांनी टाळी वाजवली. साहेबांनी गावाचं नाव घेऊन स्तुती केली म्हटल्यावर हात थांबणार कसे? मग सगळ्यांनी वाजवली. नायकानंही वाजवली, आणि नाकेदारानं तर खाड्कन् सलाम ठोकला. वकीलसाहेब भाषणाला उठले. लाटा, होड्या, कोळी बांधव सगळे खिशातच राहिले. ते म्हणाले, "आमच्या गावानं विकासात नेहमीच पुढाकार घेतला आहे," आणि रस्ता होणारच असेल तर तो गावाच्या दुसऱ्या अंगानं वळवता येईल का, असं हळूच विचारलं. साहेबांनी त्या हळू प्रश्नाकडे तितकंच हळू दुर्लक्ष केलं.

माझ्या हातात तबक होतं, नाहीतर मी कपाळावर हात मारला असता. मी म्हणाले, "साहेब, ही वाट आम्ही तुम्हाला येता यावं म्हणून केली. सरकारनं यावं म्हणून नाही."

साहेब दिलखुलास हसले. "अहो बाई, मीच सरकार आहे."

सगळे हसले. महिला प्रतिनिधीचं काम तिथं संपलं. पण याडी हसली नव्हती. ती दोन पावलं पुढे झाली.

"साहेब, मंग माह्या झिऱ्याचं काय?"

"आजी, तुम्हाला सरकार याहून चांगलं पाणी देईल. नळ येईल इथं."

"बरं. पन नळ येइस्तोवर झिरा राहू द्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, कुणीतरी जीपचं दार उघडलं, आणि मुलींना नेमकं तेव्हा गाणं आठवलं. स्वागतगीत ऐकत साहेब निघून गेले.

नव्या खुंट्या आल्या त्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला नाही, थेट झिऱ्यावर. तयार, दाबलेली, नाल्यावर ओंडके टाकलेली वाट असताना सरकारनं दुसरीकडे का खणावं? आधीच्या रेघेत झिरा कदाचित वाचला असता, असं खुंट्या ठोकणाऱ्यांपैकी एकानं मला सहज सांगितलं. मी ते याडीला कधी सांगितलं नाही. राखीव जंगलातली झाडं पडली, आणि कोणतं पाडायचं त्याच्या खुणा नाकेदारानंच केल्या. नदीकाठ संरक्षण समितीचं रस्ता स्वागत समिती असं नामकरण झालं. अध्यक्ष तेच राहिले, महिला प्रतिनिधी मात्र बदलली. झिऱ्यावर भराव पडला तेव्हा याडी बघायला गेली नाही. ती दिवसभर दाराशी बसून विळ्याला धार लावत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. वकीलसाहेबांची पडीक जमीन पडीकच राहिली, याचं मात्र मला मनापासून बरं वाटलं आणि अजूनही वाटतं.

नळ आला. साहेबांनी शब्द पाळला. रस्त्याच्या कडेला लोखंडी खांब उभा राहिला, त्याला चकचकीत तोटी बसली. पाणी तेवढं आलं नाही, कारण पाणी दुसऱ्या खात्याकडे होतं.

पुढं माझी बदली पांढरकवड्याला झाली, लग्न झालं, आणि काही वर्षांनी, ऐन मे महिन्यात, माझ्या एका विद्यार्थिनीच्या लग्नाला मी सरकारी मोटारीनं नदीपलीकडे निघाले. उमरखेड सोडल्यावर मी खिडकीशी बसून वाट ओळखायचा प्रयत्न करत होते. अर्जुनाचं एक झाड दिसलं नाही. तेवढ्यात गाडी आचके देऊ लागली आणि थांबली. ड्रायव्हरनं पुढचं झाकण उघडलं, आतून वाफेचा लोट आला. कंडक्टर डबा घेऊन उतरला आणि त्यानं थांब्याची पाटी वाचली. पाटीवर लिहिलं होतं, झिरा.

"पानी असन इथं," तो खूश होऊन म्हणाला. नळाशी गेला, तोटी फिरवली. तोटी नुसतीच गोल फिरली.

नदीच्या चढावरून एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन वर येत होती. कमरेत वाकलेली, एकेक पाऊल जपून टाकत. हातभर बांगड्यांवरून मी तिला ओळखलं. कंडक्टरनं विचारलं, "काहो आजी, इथं झिरा कोठी हाय?"

"तुह्या गाडीखाली," याडी म्हणाली.

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला आणि डबा पुढे केला. मला वाटलं आता ती त्याला चांगली सुनावेल. सुनवावी, असं मला फार वाटत होतं. ती वाफाळणाऱ्या इंजिनाकडे पाहत राहिली. मग घागर उतरवून म्हणाली, "तापली काय बिचारी," आणि डब्यात ओतू लागली. डबा भरला, कंडक्टर तो इंजिनात ओतून आला, पुन्हा भरला, पुन्हा ओतून आला.

मी खिडकीतून हाक मारली. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "मास्तरीणबाई! उतरा नं. पानी पेल्याबिगर कशा जासान?"

घागरीत तळाशी थोडंसं उरलं होतं. मला नको म्हणायचं होतं, पण तिच्या दाराशी येऊन, आणि ते दारच होतं, पाणी नाकारणं मला जमलं नाही. मी उतरले, ओंजळ धरली, आणि तिनं घागर पूर्ण उपडी केली. नदीचं पाणी होतं, कोमट आणि गढूळ.

कंडक्टरनं घंटी मारली. मी चढले. याडी रिकामी घागर कडेवर घेऊन पुन्हा नदीच्या उताराकडे वळली, आणि आमची गाडी निघाली. रस्ता खरंच फार चांगला झाला होता. पुलापर्यंत एकसुद्धा गचका बसला नाही.